नवी गाडी कुठे अडलीय? माहिती अधिकारात ‘का’ विचारू नका, कागद मागा

आमच्या प्रवासी संघटनेकडे दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी फेटाळलेला माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन येतं. प्रश्न ठरलेला असतो: “ताशी १८० किलोमीटरची ट्रायल झाली, सगळ्या चॅनलांनी दाखवली, मग गाडी अजून का सुरू होत नाही?” उत्तरही ठरलेलं: “विचारलेली बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही.” अर्जदार चिडतो. चिडावं असंच उत्तर आहे, पण ते कायद्याला धरून आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच सांगून ठेवलंय की ‘का’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ‘माहिती’ नव्हे. कार्यालयात जो कागद आहे, तोच मिळतो. खुलासा मिळत नाही, मतही मिळत नाही. त्यामुळे अर्ज लिहिण्याआधी नव्या गाडीचे कोणकोणते कागद तयार होतात आणि ते कुणाच्या कपाटात असतात, हे माहीत हवं. बहुतेक अर्ज इथेच पडतात.

ट्रायल म्हणजे परवानगी नव्हे

हे डोक्यात पक्कं बसू द्या. स्पेनच्या टॅल्गो गाडीने सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली ते मुंबई अंतर बारा तासांच्या आत कापलं. त्याआधी मथुरा-पलवल सेक्शनवर, म्हणजे मार्गाच्या त्या तुकड्यावर, ती १८० ने पळाली होती. प्रवासी घेऊन ती एकदाही धावली नाही. उलट गतिमान एक्स्प्रेस बघा. ३ जुलै २०१४ ला दिल्ली-आग्रा चाचणी झाली, गाडी सुरू व्हायला ५ एप्रिल २०१६ उजाडला. मधले एकवीस महिने गेले कुठे? १६० च्या वेगासाठी माणसं आणि गुरं रुळांवर येतात त्या जागी कुंपण हवं, ही सुरक्षेची अट पुरी करणं हा त्यातला मोठा भाग. गाडीत खोट नव्हती, वाटेत होती.

म्हणजे परवानगी नुसत्या गाडीला मिळत नाही. ‘या सेक्शनवर ही गाडी’ अशा जोडीला मिळते. तुमच्या अर्जात सेक्शनचं नाव नसेल तर उत्तर गुळमुळीत येणारच.

कोणता कागद कुणाकडे

रेल्वे अधिनियम १९८९ चं कलम २७ सांगतं की एखाद्या सेक्शनवर आधी न धावलेल्या प्रकारची गाडी वापरायची असेल तर केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते, आणि मंजुरीआधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी गाडी तपासून तसा अहवाल द्यावा लागतो. मार्गच नवा असेल तर कलम २१ आणि २२. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाचे नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे आहेत. १९३७ च्या बिहटा अपघातानंतर ‘रेल्वेचा परीक्षक रेल्वेच्या हाताखाली नको’ हा विचार पुढे आला आणि १९४१ मध्ये ही यंत्रणा रेल्वे बोर्डापासून वेगळी झाली. लोक सगळे अर्ज रेल्वे बोर्डाला पाठवतात आणि आयुक्तांचं कार्यालय विसरतात. मुख्य आयुक्त लखनौला बसतात. मध्य आणि पश्चिम मंडळांचे आयुक्त मुंबईतच आहेत.

पहिला कागद आरडीएसओचा, म्हणजे रेल्वेच्या संशोधन आणि रचना संस्थेचा. लखनौची ही संस्था गाडी रिकामी पळवते, मग माणसांच्या वजनाइतका भार टाकून पळवते, डबा किती हेलकावतो ते नोंदते, आपत्कालीन ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरावर थांबते ते मोजते. १६० ला चालवायची गाडी १८० पर्यंत तपासली जाते, म्हणून बातमीत १८० चा आकडा येतो आणि लोकांना वाटतं आता आपल्याकडे १८० ने जाणार. यातून वेग प्रमाणपत्र निघतं. ते आधी तात्पुरतं असतं, मग अंतिम. अर्जात दोन्ही मागा.

दुसरा कागद झोनचा, म्हणजे मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे यांसारख्या विभागाचा, आणि माझ्या मते सगळ्यात चिकट: संयुक्त सुरक्षा प्रमाणपत्र. रूळ-पूल बघणारे, डबे बघणारे, वीज बघणारे, सिग्नल बघणारे आणि गाड्या चालवणारे अशा सगळ्या खात्यांच्या प्रमुखांनी ‘आमच्या बाजूने ही गाडी या सेक्शनवर सुरक्षित आहे’ असं सहीनिशी लिहून द्यायचं असतं. एक सही राहिली की प्रस्ताव जागेवर. बाहेर मात्र ‘तांत्रिक कारण’ एवढंच ऐकू येतं. खात्याखात्यांतली ओढाताण नवी नाही. २०१८ साली चेन्नईच्या कारखान्यातून निघालेल्या ट्रेन-१८ ने डिसेंबरात कोटा-सवाई माधोपूर मार्गावर १८० गाठले, आणि पुढे सरकारी विद्युत निरीक्षकाचा दाखला लागतो की नाही यावरून यांत्रिक आणि विद्युत खात्यांत जुंपली. तीच गाडी वंदे भारत या नावाने १५ फेब्रुवारी २०१९ ला निघाली.

तिसरा कागद सहसा कुणाला ठाऊकच नसतो. गाडी आणि आजूबाजूचं बांधकाम यांच्यात किती अंतर हवं याची रेल्वेची ठरलेली मोजमापं आहेत. जुन्या स्थानकांत फलाटाची कड किंवा छपराचा खांब त्यात बसत नाही. वंदे भारतची पायरी दार उघडताना बाहेर सरकते, तिथे चार बोटांचा फरकही महत्त्वाचा. अशा जागी एकतर फलाट छाटायचा, नाहीतर रेल्वे बोर्डाकडून सूट घ्यायची. ‘मोजमापांतील उल्लंघनांची यादी आणि त्यांना दिलेली सूट’ या शब्दांत मागा. आपलं स्थानक त्यात सापडलं, तर संघटनेला खासदारांकडे न्यायला नेमका मुद्दा मिळतो.

शेवटचा कागद मंजुरीचं पत्र. त्यात खरा जीव अटींचा. वेग किती, कुंपण कुठे, लोको पायलट किती, हे सगळं तिथे असतं. घाटाची वेगळीच गोष्ट. भोर आणि थळ घाटात १:३७ चा चढ आहे, तिथे एरवी मागून बँकर इंजिनं ढकलतात. सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाल्या त्या बँकरशिवाय, पण त्याआधी उतारावर गाडी धरून ठेवणाऱ्या पार्किंग ब्रेकची परीक्षा झाली. तुमच्या मार्गावर घाट असेल तर ‘घाट विभागातील चाचणीचा अहवाल’ स्वतंत्र ओळीत मागा.

आणि अटी फक्त वेगाच्या नसतात. वंदे भारत स्लीपरच्या वेळी बोर्डाच्या पत्रात बर्थजवळचे धारदार कोपरे, खिडकीच्या पडद्याच्या मुठी, कचरा साचेल अशा फटी यांवर बोट ठेवलं होतं. १८० ला ठणठणीत असलेली गाडी कोपऱ्यावरून थांबू शकते. थांबावी. रात्री वरच्या बर्थवरून उतरणाऱ्या म्हातारीला तो कोपराच लागणार असतो.

अर्ज कोण करू शकतं

भारतीय नागरिक. बस. कारण सांगायची गरज नाही. पण ‘नागरिक’ याचा अर्थ माणूस. संघटनेच्या लेटरहेडवर, संघटनेच्या नावाने केलेला अर्ज परत येऊ शकतो. अध्यक्षांना वाईट वाटलं तरी चालेल, अर्ज एका सभासदाच्या स्वतःच्या नावाने करा.

दहा रुपयांची अडचण

सगळ्यात जास्त अर्ज या फुटकळ गोष्टीवर परत येतात. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयाला अर्ज करताना आपण दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवतो. रेल्वे केंद्राची. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत रोख, पोस्टल ऑर्डर, डिमांड ड्राफ्ट, बँकर्स चेक किंवा ऑनलाइन भरणा आहे, कोर्ट फी स्टॅम्प नाही. आमच्याकडच्या एक निवृत्त शिक्षिका एकाच कार्यालयाकडून दोनदा अर्ज परत घेऊन आल्या. दोन्ही वेळा स्टॅम्प. पहिल्याच पत्रात एका ओळीत ‘पोस्टल ऑर्डर जोडा’ लिहिलं असतं तर त्यांचा दीड महिना वाचला असता. ते कोण लिहिणार? पोस्टल ऑर्डर ‘लेखा अधिकारी’ यांच्या नावे काढा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची.

तसंच राज्याचं माहिती अधिकार पोर्टल रेल्वेसाठी चालत नाही, केंद्राचं वेगळं आहे. तिथे मजकूर ३००० अक्षरांत बसवावा लागतो. राज्यातली दीडशे शब्दांची मर्यादा इथे नाही. केंद्राच्या नियमात साधारण ५०० शब्द म्हटलंय आणि जास्त झाले म्हणून अर्ज नाकारता येत नाही.

भाषेचं लक्षात ठेवा. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा आहे. मुंबईतल्या झोनच्या मुख्यालयाला मराठीत खुशाल लिहा. लखनौ आणि दिल्लीला मात्र हिंदीत.

मजकूर असा ठेवा

“अमुक प्रकारच्या गाडीच्या, अमुक ते अमुक सेक्शनवरील वापरासाठी, रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम २७ खाली दिलेल्या मंजुरीपत्राची अटींसह प्रत द्यावी. मंजुरी दिलेली नसल्यास तसे नमूद करून प्रस्ताव पाठवल्याचा दिनांक, त्यावर आयुक्तांनी काढलेल्या शंकांचे पत्र आणि संबंधित नस्तीवरील टिपण्यांच्या प्रती द्याव्यात.” प्रती पानाला दोन रुपये. नस्ती म्हणजे फाइल जाडजूड असेल तर पाहणी मागा: पहिला तास फुकट, पुढे तासाला पाच रुपये.

चाचणी अहवाल मागितला की ‘उत्पादकाची व्यापारी गोपनीयता’ म्हणून माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(घ) पुढे करतात. कधी ते खरंही असतं. तेव्हा त्याच कायद्याचं कलम १० दाखवा: गोपनीय भाग झाकून उरलेला द्यावा लागतो. हे वाक्य अर्जातच आधी लिहून टाकलेलं बरं.

मुदती, आणि त्या चुकीच्या वाचणं

वेग प्रमाणपत्र किंवा मंजुरी यांना सरकारी घोषणेची तारीख लागू होत नाही. वंदे भारत स्लीपरचा डबा १ सप्टेंबर २०२४ ला बंगळुरूत दाखवला तेव्हा तीन महिन्यांत गाडी सुरू होईल असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात २०२५ चं अख्खं वर्ष चाचण्या आणि दुरुस्त्यांत गेलं. घोषणेचं कात्रण जोडून ‘मुदत का पाळली नाही’ विचारलंत की पुन्हा तोच ‘का’. बुलेट ट्रेनचंही तेच. ५०८ किलोमीटरचा मार्ग, ठाणे खाडीखालचं सात किलोमीटरचं काम, सगळं बाकी असताना मुंबईच्या बाजूचं सुरक्षा मंजुरीपत्र मागून हाती काही लागणार नाही. आज तिथे कामाच्या प्रगतीचे अहवाल मागा. आणि कधी उशिरामागे कागदच नसतो. मुंबई-मडगाव वंदे भारतला ३ जून २०२३ ला झेंडा दाखवायचा होता. आदल्या संध्याकाळी बालासोरचा रेल्वे अपघात झाला, गाडी २७ जूनला निघाली.

आता तुमची स्वतःची मुदत. उत्तरासाठी ३० दिवस, अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग झाला तर पाच दिवस जास्त धरा. उत्तर आलं नाही की लोक ‘येईल, येईल’ म्हणत दिवाळीपासून होळीपर्यंत थांबतात आणि तिथेच हरतात. प्रथम अपिलाचे ३० दिवस उत्तर मिळाल्यापासून मोजतात, पण उत्तर आलंच नाही तर मुदत संपल्या दिवसापासून ते सुरू होतात. न आलेल्या उत्तरालाही तारीख असते. प्रथम अपिलाला केंद्रात फी नाही. त्याचा निकाल पटला नाही तर केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील ९० दिवसांत.

उत्तराचं पाकीट फेकू नका. पत्रावर छापलेली तारीख आणि पाकिटावरचा टपालाचा शिक्का यांत आम्ही अकरा दिवसांचा फरक पाहिलाय, आणि मुदत तुमच्या हातात पत्र पडल्यापासून मोजायची असते.