माजी सैनिकांच्या उपचारांचा खर्च : एका जुन्या मागणीची पार्श्वभूमी

नागपूर आणि विदर्भातील माजी सैनिक शासनदरबारी जी निवेदने देत असतात, त्यांत दोन विषय हमखास असतात : निवृत्तिवेतन आणि औषधोपचार. दोन्ही मागण्या एकाच कागदावर असल्या, तरी त्यांचे बळ सारखे नाही. निवृत्तिवेतन हा नियमांनी आणि न्यायालयीन निकालांनी बांधलेला हक्क आहे. अर्थखात्याकडे पैसे कमी आहेत म्हणून एखाद्या महिन्याचे पेन्शन अडवून ठेवता येत नाही. उपचारांचे तसे नाही. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेला, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या ईसीएचएसला, त्या त्या वर्षाच्या तरतुदीत जेवढे मिळेल तेवढ्यात भागवावे लागते. तरतूद संपत आली की पॅनेलवरील खासगी रुग्णालयांची बिले थकतात आणि बिले थकली की कॅशलेस उपचारांबाबत टाळाटाळ सुरू होते. हा फरक कसा निर्माण झाला, हे पाहिल्याशिवाय सरकारी निधीची मागणी नेमकी कशासाठी आहे, ते समजत नाही.

नागपूरला फौजेचा शेजार नवा नाही. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मध्ये झाली आणि त्यानंतर चारच वर्षांत, १८२१ मध्ये, कामठीची छावणी वसली. येथे दीर्घकाळ मद्रास फौजेच्या पलटणी असत. आज कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आहे, शहरात हवाई दलाच्या देखभाल कमांडचे मुख्यालय आहे आणि वर्धा जिल्ह्यात पुलगावचे दारूगोळा भांडार आहे. नोकरीनिमित्त येथे आलेले आणि निवृत्तीनंतर येथेच स्थायिक झालेले सैनिक, तसेच विदर्भाच्या खेड्यांतून भरती होऊन गावी परतलेले सैनिक, असे दोन्ही वर्ग नागपूरच्या कार्यालयांवर आणि रुग्णालयांवर अवलंबून आहेत.

कंपनी सरकारच्या काळापासून जखमी किंवा वृद्ध शिपायाला निवृत्तिवेतन देण्याची पद्धत होती, परंतु उपचारांची जबाबदारी नाव कमी झाले त्या दिवशीच संपत असे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक मंडळे उभी राहिली. या मंडळांचे काम प्रामुख्याने पेन्शनच्या तक्रारी, अनाथ मुले, जमिनीचे वाद आणि नोकऱ्या यांपुरते होते. दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न कितीतरी पटींनी वाढला. महार रेजिमेंटची दुसरी बटालियन १९४२ मध्ये कामठीतच उभी राहिली. युद्धाच्या अखेरीस भारतीय सैन्याची संख्या वीस लाखांच्या पुढे गेलेली होती आणि युद्ध संपताच त्यांतील बहुतेकांना घरी पाठवण्यात आले. पेन्शनला लागणारी सेवा पूर्ण न झाल्यामुळे त्यांना ना निवृत्तिवेतन मिळाले, ना उपचार. या पिढीला सरकारी आरोग्य योजनेत स्थान मिळण्यासाठी २०१९ साल उजाडावे लागले. तोपर्यंत त्यांतील फार थोडे हयात होते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन ठरला. १९१९ च्या मंडळाचे नाव १९५१ मध्ये बदलले आणि १९७५ पासून ते केंद्रीय सैनिक बोर्ड म्हणून ओळखले जाऊ लागले. महाराष्ट्रात पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि जिल्ह्यांतील सैनिक कल्याण कार्यालये ही याच रचनेची पुढची टोके आहेत. या दिवसानिमित्त ध्वज विकून जमवल्या जाणाऱ्या ध्वजनिधीमागची भावना चांगलीच आहे. मात्र कल्याणाचा मोठा भाग नागरिकांच्या ऐच्छिक देणगीवर उभा केल्यामुळे सैनिकाला मिळणारी मदत हे सरकारचे देणे नसून समाजाची कृपा आहे, अशी एक समजूत रुजली, असे माझे मत आहे. जिल्हाधिकारी कार्यालयांना संकलनाची उद्दिष्टे दिली जातात, शाळांतून ध्वज विकले जातात, आणि पेन्शन नसलेल्या वृद्ध सैनिकाचे किंवा त्याच्या विधवेचे मासिक अनुदान या निधीतून दिले जाते. २०१७ पासून ते दरमहा ४,००० रुपये होते. नोव्हेंबर २०२५ पासून ते ८,००० रुपये झाले. वाढ दुप्पट दिसते, पण वृद्धापकाळी औषधांवरच किती खर्च होतो, हे ज्याच्या घरात वडीलधारी माणसे आहेत त्याला वेगळे सांगायला नको.

पेन्शनचा लढा मात्र वेगळ्या वाटेने गेला. जवान साधारणपणे पंधरा ते सतरा वर्षांच्या सेवेनंतर, वयाच्या पस्तिशी-चाळिशीत, सैन्यातून बाहेर पडतो. म्हणजे नागरी कर्मचारी ज्या वयात बढतीची वाट पाहत असतो, त्या वयात तो निवृत्त झालेला असतो. तिसऱ्या वेतन आयोगानंतर, १९७३ मध्ये, जवानांचे निवृत्तिवेतन अखेरच्या पगाराच्या ७० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणले गेले, ही माजी सैनिक संघटनांची सर्वांत जुनी तक्रार आहे. त्यातही पूर्ण पेन्शनसाठी ३३ वर्षांच्या सेवेची अट होती, जी बहुसंख्य जवानांच्या बाबतीत पूर्ण होणेच शक्य नव्हते. वाढीव वर्षांचा लाभ देऊन ती उणीव काही प्रमाणात भरून काढली जाई. ही अट सहाव्या वेतन आयोगानंतर, २००६ पासून, गेली. प्रत्येक आयोगागणिक नव्या आणि जुन्या निवृत्तांमधील अंतर वाढत गेले आणि त्यातून ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ ही घोषणा पुढे आली. राज्यसभेच्या याचिका समितीने डिसेंबर २०११ मधील अहवालात ही मागणी मान्य करावी, अशी शिफारस केली. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी होते, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात यासाठी ५०० कोटी रुपये दाखवण्यात आले, तेव्हाच ही रक्कम अपुरी असल्याचे जाणकार सांगत होते. २०१५ च्या उन्हाळ्यात दिल्लीत जंतरमंतरवर धरणे सुरू झाले, ५ सप्टेंबरला घोषणा झाली आणि नोव्हेंबरमध्ये आदेश निघाला. लाभ १ जुलै २०१४ पासून देण्यात आला आणि दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती ठरली. संघटनांना वार्षिक समानीकरण हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने १६ मार्च २०२२ रोजी सरकारचे धोरण वैध ठरवले, परंतु थकबाकी देण्यास विलंब होताच २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने सरकारला वेळापत्रक घालून दिले. डिसेंबर २०२२ च्या फेरनिश्चितीचा लाभ २५ लाखांहून अधिक निवृत्तांना आणि कुटुंबांना मिळाला आणि त्यासाठी वर्षाला ८,४५० कोटी रुपयांचा जादा भार सरकारने स्वीकारला.

उपचारांच्या बाबतीत असा लढा उभा राहिला नाही. सैन्यातील माणूस तंदुरुस्त म्हणून भरती होतो आणि बहुधा तंदुरुस्त असतानाच निवृत्त होतो. गुडघे, मणके, तोफखान्यात बधिर झालेले कान, उंच प्रदेशातील सेवेनंतरचा रक्तदाब यांची किंमत नंतरच्या तीस-चाळीस वर्षांत चुकवावी लागते. विकलांगता पेन्शनचे बहुतेक खटले याच मुद्द्यावर चालतात. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला, तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंग प्रकरणात स्पष्ट केले. त्याविरुद्ध सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या पात्रता नियमांवर माजी सैनिकांनी आक्षेप घेतले. असा वाद घेऊन जायचे तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे महाराष्ट्रासाठीचे पीठ मुंबईत आहे. गोंदिया किंवा चंद्रपूरच्या विधवेला मुंबईत वकील करणे म्हणजे काय, हे निराळे सांगण्याची गरज नसावी.

२००३ पूर्वी पेन्शनधारकाला लष्करी रुग्णालयात उपचार मिळत, पण ते स्थानिक सोयींच्या मर्यादेत. क्षय, कुष्ठरोग, मानसिक आजार आणि कर्करोग हे त्या सवलतीतून वगळलेले होते. म्हणजे ज्या आजारांत घर बुडते, त्यांतच सवलत नव्हती. खर्चिक शस्त्रक्रियांसाठी सैनिकांच्याच वर्गणीतून चालणाऱ्या गटविमा योजनेची वैद्यकीय शाखा काही ठरावीक आजारांपुरती मदत करी. बाकी सर्वांसाठी महिन्याला १०० रुपयांचा वैद्यकीय भत्ता होता. केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्यांना मात्र सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारची आरोग्य योजना, १९५४ पासून उपलब्ध होती आणि निवृत्तीनंतरही तिचा लाभ मिळत असे. सैनिकासाठी तशी योजना यायला आणखी जवळपास पन्नास वर्षे लागली.

ईसीएचएसला ३० डिसेंबर २००२ रोजी मंजुरी मिळाली आणि १ एप्रिल २००३ पासून ती सुरू झाली. आधी २२७ पॉलिक्लिनिक, म्हणजे योजनेचे स्वतःचे दवाखाने, होती. २०१० मध्ये आणखी १९९ मंजूर झाली. रुग्णाने आधी पॉलिक्लिनिकमध्ये जायचे, तेथून संदर्भपत्र घ्यायचे आणि लष्करी किंवा पॅनेलवरील खासगी रुग्णालयात दाखल व्हायचे, अशी तिची रचना आहे. खासगी रुग्णालयाचे बिल सीजीएचएसच्या दरांनुसार, ऑनलाइन छाननी होऊन, सरकारने द्यायचे असते. योजना अंशदायी असल्याने सदस्याला एकदाच रक्कम भरावी लागते. सातव्या वेतन आयोगानंतर ती हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांना ६७,००० रुपये आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये झाली. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धविधवांना ती माफ आहे. मार्च २०१९ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील सैनिक, आपत्कालीन व अल्पसेवा आयोगाचे अधिकारी आणि मुदतपूर्व निवृत्त झालेले यांनाही योजनेत घेण्यात आले.

‘अंशदायी’ असण्याला मोठा अर्थ आहे आणि संघटना तो पुरेसा लावून धरत नाहीत, असे वाटते. सदस्याने आपला वाटा आगाऊ, एकरकमी आणि आयुष्यभरासाठी भरलेला असतो. त्यामुळे पुढची जबाबदारी हे सरकारने स्वीकारलेले बंधन ठरते, ती सवलत राहत नाही. प्रत्यक्षात मात्र हे बंधन वार्षिक तरतुदीत कोंबले जाते. २०२२-२३ मध्ये ही तरतूद सुमारे ३,५८२ कोटी रुपये होती. ती २०२३-२४ मध्ये ५,४३१ कोटी, २०२४-२५ मध्ये ६,९६८ कोटी आणि २०२५-२६ मध्ये ८,३१७ कोटी झाली. तीन वर्षांत दुपटीहून अधिक वाढ ही उदारता म्हणून मांडली जाते. तिचा दुसरा अर्थ असा की, आधीची वर्षे गरजेच्या मानाने फार कमी पैशांत काढली गेली. लाभार्थ्यांची संख्या ६० लाखांच्या आसपास आहे, त्यांचे सरासरी वय वाढते आहे आणि हृदयविकार, मूत्रपिंड व कर्करोगाच्या उपचारांचे दर सर्वसाधारण महागाईपेक्षा वेगाने चढत आहेत. महालेखापालांनी २०१५ मध्ये या योजनेचे लेखापरीक्षण केले, तेव्हा औषधांचा तुटवडा आणि बिलांच्या छाननीतील त्रुटी या दोन्हींवर बोट ठेवले होते. काही रुग्णालयांनी वाढीव बिले लावली, हेही खरे आहे. पण ते कारण दाखवून सरसकट सर्वांचीच बिले रखडवली, तर शिक्षा रुग्णाला होते, रुग्णालयाला नव्हे.

नागपुरातील परिस्थिती यामुळे अधिक नाजूक होते. येथे योजनेचे प्रादेशिक केंद्र आहे, कामठीत लष्करी रुग्णालय आहे, आणि मोठ्या शस्त्रक्रियांसाठी संपूर्ण पूर्व विदर्भाचा ओढा शहरातील खासगी रुग्णालयांकडे असतो. गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर आहे. पॅनेलवरच्या एखाद्या रुग्णालयाने बिले थकल्याच्या कारणावरून नवे रुग्ण घेणे थांबवले, तर शहरातला निवृत्त सुभेदार दुसरे रुग्णालय शोधू शकतो. गावाकडून आलेल्या हवालदाराला मात्र आधी पैसे भरून नंतर परताव्याची वाट पाहावी लागते. पॉलिक्लिनिकमधील डॉक्टर आणि कर्मचारी कंत्राटी असतात. त्यामुळे औषधाचा तुटवडा असो की डॉक्टर सोडून जाणे असो, त्याचा फटकाही दूरच्या माणसालाच आधी बसतो.

सरकारची बाजू अगदीच पोकळ आहे, असे म्हणता येत नाही. २०२५-२६ च्या ६.८१ लाख कोटी रुपयांच्या संरक्षण अर्थसंकल्पात पेन्शनसाठी १,६०,७९५ कोटी रुपये आहेत, म्हणजे जवळपास २४ टक्के, आणि त्याचे लाभार्थी ३४ लाखांहून अधिक आहेत. हा भार वाढत गेला तर शस्त्रखरेदीला पैसा उरत नाही, हा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्याच्या शेजारी ईसीएचएसची रक्कम ठेवली तर ती पेन्शनखर्चाच्या सुमारे पाच टक्के भरते. वाद पेन्शनच्या मोठ्या आकड्यावर होतो आणि कात्री लागते ती उपचारांच्या लहान आकड्याला, कारण तिथे न्यायालयात जाणारा हक्क नाही. म्हणूनच आता मागणी केवळ अधिक पैशांची राहिलेली नाही. आधीच्या वर्षाची थकीत बिले नव्या तरतुदीतून न भागवता स्वतंत्रपणे चुकती करावीत आणि बिले ठरलेल्या मुदतीत न दिल्यास त्यावर व्याज द्यावे, हा तिचा अधिक नेमका भाग आहे.

जून २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेने या इतिहासाला नवे वळण दिले आहे. चार वर्षांनंतर ज्यांना कायम केले जाणार नाही, त्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी मिळेल, पण पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतील. विशीतल्या या तरुणांना आज उपचारांची फारशी गरज नसेल. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्यांनाही १९४६ मध्ये ती नव्हती.

राहिला प्रश्न मागणी कोणाकडे करायची हा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी सर्व निवेदने एकत्र करून राज्य सरकारला दिली जातात आणि त्यांतील निम्मी दिल्लीकडे पाठवण्याच्या शेऱ्यासह परत येतात. उपचारांची तरतूद, पॅनेल आणि दर हे केंद्राचे विषय आहेत. त्यासाठी खासदारांना गाठणे आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीसमोर अर्थसंकल्पापूर्वी म्हणणे मांडणे हाच मार्ग आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांच्या आस्थापनेचा खर्च मात्र केंद्र आणि राज्य ६० : ४० या प्रमाणात उचलतात. त्यामुळे तेथील रिक्त जागा भरणे, तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक दिवशी अधिकारी पाठवणे आणि पॉलिक्लिनिकपासून दूर असलेल्या वृद्धांसाठी वाहनाची सोय करणे या गोष्टी राज्याकडे मागता येतात. घरपट्टी माफीची योजना राज्याने २०२० मध्ये याच अधिकारात आणली होती.