थकीत वेतन: चूक कार्यालयाची, मुदत कर्मचाऱ्याला

सरकारी नोकराला थकलेला पगार कोर्टात जाऊन मागता येतो, यात आज कुणाला नवल वाटत नाही. 1948 मध्ये मात्र चित्र उलटे होते. आय. एम. लाल या आयसीएस (ब्रिटिशकालीन सनदी सेवेतल्या) अधिकाऱ्याला सेवेतून काढणे बेकायदा होते हे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मान्य केले आणि तरीही मागचा पगार नाकारला. चाकरी राजाच्या मर्जीवर, तेव्हा पगारही मर्जीचा, त्यासाठी दावा करता येत नाही, ही ब्रिटिश समजूत त्यामागे होती. आदल्याच वर्षी आपल्याकडच्या फेडरल कोर्टाने ताराचंद खटल्यात नेमका उलटा निकाल दिला होता. तो बाजूला पडला.

1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अब्दुल मजीद या बिहारच्या पोलीस उपनिरीक्षकाच्या खटल्यात ही समजूत मोडीत काढली. त्यातला युक्तिवाद मोठा गमतीदार आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार सावकाराला सरकारी नोकराच्या पगारावर ठरावीक मर्यादेत जप्ती आणता येते. मग जो पगार सावकाराला वसूल करता येतो, तो कमावणाऱ्यालाच मागता येऊ नये, हे कसे? नोकरदाराचा हक्क सिद्ध व्हायला असा सावकार कामी आला.

हे खटले बडतर्फीचे होते. कारकुनी चुकीचे दुखणे वेगळे, कारण ते दिसतच नाही. बदली होताना सेवापुस्तकातली एखादी नोंद राहते, पदोन्नतीच्या वेळी दिलेला विकल्प (नवे वेतन कोणत्या तारखेपासून ठरवायचे ती निवड) फायलीत अडकतो, आणि एक वेतनवाढ हुकते. सहाव्या वेतन आयोगापासून वेतनवाढ 3 टक्क्यांची आहे. मूळ वेतन 40,000 असेल तर महिन्याला 1,200 रुपये गेले. पण महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ताही मूळ वेतनावरच निघतात, पुढची प्रत्येक वेतनवाढही त्याच चुकलेल्या आकड्यावर बसते, आणि शेवटी निवृत्तिवेतन व उपदानही (ग्रॅच्युइटी) कमी येते. महाराष्ट्रात वेतननिश्चिती तपासणाऱ्या वेतन पडताळणी पथकाकडे सेवापुस्तक बऱ्याचदा निवृत्ती तोंडावर आल्यावरच जाते. तोवर चूक वीस-पंचवीस वर्षांची झालेली असते.

अशा जुन्या चुकीवर दाद मागायची तर मुदत आडवी येते. सरकारी नोकरांचे सेवेविषयक वाद ऐकणाऱ्या प्रशासकीय न्यायाधिकरणांचा कायदा 1985 चा. त्याच्या कलम 21 मध्ये आदेशापासून साधारण एका वर्षाची मुदत आहे. एम. आर. गुप्ता या रेल्वे कर्मचाऱ्याचा अर्ज न्यायाधिकरणाने मुदतीबाहेरचा म्हणून फेटाळला होता. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. वेतननिश्चिती चुकली असेल तर दर महिन्याला कमी पगार निघतो आणि दर महिन्याला दाव्याचे नवे कारण जन्मते. वेतन दुरुस्त करून मागता येते, थकबाकीला मात्र मुदतीचा कायदा लागतोच.

ही मर्यादा नेमकी किती, ते 2008 च्या तरसेम सिंग निकालात येते. 1983 मध्ये वैद्यकीय कारणावरून सैन्यातून बाहेर पडलेला हा जवान अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी 1999 मध्ये न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पूर्ण 16 वर्षांची थकबाकी दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती कापली आणि सर्वसाधारण नियम सांगितला: याचिकेच्या आधीची तीन वर्षे. तेव्हापासून थकबाकीच्या बहुतेक प्रकरणांत हाच निकाल पुढे केला जातो. कायद्याने हे सुसंगत असेल, पण चूक ज्या कार्यालयाने केली त्याच्याच पदरात उरलेल्या वर्षांचे पैसे राहतात, हे खटकते.

मिळालेली थकबाकी एकाच वर्षाच्या उत्पन्नात धरली जाऊन कर फुगतो. 1961 च्या आयकर कायद्यात त्यासाठी कलम 89 ची सवलत ठेवली होती, फॉर्म 10ई भरण्याच्या अटीवर.

चूक उलट बाजूची असेल, म्हणजे पैसे जास्त दिले गेले असतील, तर वसुली निघते. 1994 च्या श्यामबाबू वर्मा आणि साहिबराम निकालांनी कर्मचाऱ्याची लबाडी नसेल तर वसुली नको म्हटले. 2012 मध्ये चंडीप्रसाद उनियाल प्रकरणात सूर बदलला: पैसा करदात्यांचा आहे, परत करावा. या ओढाताणीतून डिसेंबर 2014 मध्ये रफीक मसीह निकाल आला. वर्ग 3 व 4 चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, पाच वर्षांहून जास्त काळ चाललेले जादा प्रदान, वरच्या पदाचे काम करून घेऊन दिलेले वेतन, आणि जिथे वसुली अन्यायाची ठरेल अशी इतर प्रकरणे, यांत वसुली करू नये. सेवानिवृत्तांच्या तोंडी हे नाव आजही असते.

त्यालाही 2016 मध्ये फाटा फुटला. हरियाणातल्या जगदेव सिंग या न्यायिक अधिकाऱ्याने सुधारित वेतन घेताना ‘जादा रक्कम निघाल्यास परत करीन’ असे वचनपत्र दिले होते, म्हणून वसुली कायम राहिली. नव्या वेतनश्रेणीत जाताना असे वचनपत्र सरसकट लिहून घेतात. सही केल्याशिवाय पगार निघत नाही, त्यामुळे वाचून कोण सही करतो? वर्ग 3 च्या कर्मचाऱ्यालाही ते बांधते का, यावर वसुलीच्या प्रकरणांत अजून दोन्ही बाजूंनी भांडण चालते.