किलोमीटर कमी म्हणून गाडी चांगली?

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, किती चाललीय? ४० हजार म्हटलं की समोरचा खुश, सव्वादोन लाख म्हटलं की "कळवतो" म्हणून फोन ठेवतो तो ठेवतोच. आणि "सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, गावातल्या गावात चाललेली" असं असेल तर मग विचारायलाच नको, किंमत २० हजाराने वर. मीटर मागे फिरवलेला असू शकतो हे सोडाच, पण मीटर अगदी खरा असला तरी तो आकडा फार थोडं सांगतो. गाडी किती चालली यापेक्षा कशी चालली आणि कुठे उभी राहिली हे बघायला पाहिजे.

आधी इंजिनचं बघू. चालू इंजिनमध्ये क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा दांडा, त्याला धरणाऱ्या बेअरिंगला टेकलेला नसतोच, मध्ये ऑइलची फिल्म असते, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी इतकी पातळ, पण शाफ्ट जोरात फिरतोय तोवर तो त्या ऑइलवर तरंगतो आणि धातूला धातू लागत नाही. लागतो तो स्टार्टच्या वेळी, कारण शाफ्ट अजून जोरात फिरत नसतो, शिवाय गाडी रात्रभर उभी असेल तर ऑइल खाली चेंबरला, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीत उतरलेलं असतं, आणि पंपाने वर चढवेपर्यंत उरलेल्या पातळ थरावरच सगळं घासतं. म्हणजे एका स्टार्टमध्ये पुणे-नागपूर मारणारी गाडी आणि घर-दवाखाना-बँक असं दिवसातून आठ वेळा चालू-बंद होणारी गाडी, यात दुसरीचे किलोमीटर कमी दिसतात पण झीज कमी असेलच असं नाही.

त्यात पाण्याचा भाग वेगळाच. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, हो पाणीच, पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला मिळतो. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून थेंब पडताना दिसतात ते हेच. बहुतेक वाफ बाहेर जाते पण थोडी पिस्टन रिंगच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरते, सोबत न जळलेलं पेट्रोलही. लांबच्या रनला ऑइल नीट तापतं आणि हे सगळं उडून जातं. दोन किलोमीटरवर इंजिन बंद केलं तर तिथेच साठतं, त्यात आम्ल तयार होतं आणि बेअरिंग आतून खायला लागतं. गाडी बघायला जाल तेव्हा ऑइल टाकायचं झाकण उघडून आतून बघा, पिवळट पांढरा चिकट फेस दिसला तर एकतर गाडी नुसती गल्लीत फिरलीय नाहीतर हेड गॅस्केट, म्हणजे ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळू न देणारं इंजिनमधलं सील, गेलंय. दुसरं असेल तर कूलंट पण कमी होत असतो, म्हणून लगेच तेही बघायचं.

याचं उलटं उदाहरण म्हणजे अमेरिकेतले अर्व गॉर्डन. लाँग आयलंडचे शाळामास्तर, १९६६ ला व्होल्वो पी १८०० घेतली आणि २०१३ मध्ये त्याच गाडीने ३० लाख मैल पूर्ण केले, आपल्या हिशोबात ४८ लाख किलोमीटर. ते नोकरीला रोज जाऊन-येऊन दोनशेएक किलोमीटर करायचे, म्हणजे इंजिन रोज पूर्ण तापायचं, आणि ऑइल वेळच्या वेळी बदलायचे. मला तर वाटतं गाडीच्या दर्जापेक्षा त्या रोजच्या लांब रनचंच श्रेय जास्त.

पण खरं सांगायचं तर आपल्याकडे जुन्या गाड्या इंजिनाने मरत नाहीत, इंजिन पुन्हा बांधता येतं. मरतात त्या पत्र्याने. एमएच ०८ ची, म्हणजे रत्नागिरीची गाडी आणि एमएच २० संभाजीनगरची गाडी, दोन्ही एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या, शेजारी उभ्या करा आणि खाली वाकून बघा. लोखंडाला गंज चढायला ऑक्सिजन आणि ओलावा दोन्ही लागतात, आणि मीठ असेल तर ओलाव्यातून वीज सहज वाहते, म्हणजे पत्र्यावर बारीक बारीक बॅटऱ्याच तयार होतात. वर हा गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो, त्यामुळे वरचा पेंट फुगून फुटतो आणि ओलं आणखी आत जातं. यावर उपाय म्हणजे जस्ताचा थर. जस्त म्हणजे धाकट्याचा मार स्वतः खाणारा थोरला भाऊ, पेंटला ओरखडा गेला तरी आधी तो गंजतो आणि लोखंड वाचतं. पोर्शने सत्तरच्या दशकाच्या मध्यातच ९११ ला असा पत्रा वापरायला सुरुवात केली. आपली जुनी मारुती ८०० साडेसहाशे किलोच्या आसपासची, पत्रा पातळ, आणि वेगळी चेसिस नाही म्हणजे बॉडी हाच सांगाडा, तो सडला की खाली काही उरत नाही. क्वालिस किंवा सुमोला खाली जाड चेसिस असते म्हणून वरचा पत्रा गेला तरी ती गाडी ओढत राहते.

बघायचं कुठे? चकाचक बोनेटकडे नाही. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खड्डा, पायाखालचं मॅटिंग काढून फ्लोअर, जॅक लावायच्या जागा, दाराच्या खालच्या कडा. खिशात लहान चुंबक ठेवा, फडक्यात गुंडाळून दारावरून फिरवा, जिथे पकड सुटते तिथे पत्रा नाही, लांबी, म्हणजे पुट्टी भरलीय.

मग मराठवाडा-विदर्भाची गाडी घ्यावी डोळे झाकून? तसंही नाही, तिकडचं ऊन रबर आणि प्लास्टिक खातं. रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्या उष्णतेने आणि ओझोनने तुटतात, ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशाने वाढलं की हा ऱ्हास साधारण दुप्पट वेगाने होतो. मर्सिडीजची डब्ल्यू १२४ टिकाऊपणासाठी जगभर नावाजलेली, १९९५ पासून पुण्यातही बनली, पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या कितीतरी डब्ल्यू १२४ मध्ये इंजिनच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळायचं. लोखंड ठणठणीत, वायर गेल्या.

आणि इथेच ४० हजारवाली गाडी फसवते. मारुती ८०० चा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनच्या झडपा वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा, रबराचा, पण मीटर पुढे सरकलाच नाही म्हणून १५ वर्षं कोणी हात लावत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, डॉट ३ दर्जाचं नवं असताना २०५ अंशाला उकळतं, पाणी मुरलं की १४० लाच उकळू शकतं, मग घाटात ब्रेक दाबला की पेडल सरळ खाली. टायरवर नक्षी भरपूर असते पण बाजूचे चार आकडे वाचा, २३११ असेल तर २०११ चा २३ वा आठवडा. असल्या गाडीला टायमिंग बेल्ट, होज, ब्रेक ऑइल, पाची टायर हे घेतल्या घेतल्या बदलायचं, आणि हा खर्च आधी गॅरेजवाल्याकडून काढून घेऊन तेवढे पैसे मालकाच्या आकड्यातून वजा करूनच बोली लावायची. सव्वादोन लाख चाललेल्या गाडीवाल्याकडे यातल्या बऱ्याच कामांची बिलं बहुतेक निघतील.