पिठाच्या गिरण्यांसाठी गव्हाची घाऊक निर्यात (सोलापूरच्या संदर्भात)

परदेशातल्या मोठ्या रोलर गिरण्यांना (पोलादी रुळांमध्ये गहू दळणाऱ्या कारखान्यांना) लागणारा गहू पोत्यांत न भरता सुटा, जहाजाच्या पोटात ओतून पाठवण्याचा व्यवहार. हा व्यापार हजारो टनांत चालतो आणि त्यात शेतकऱ्याच्या किंवा गृहिणीच्या आवडीपेक्षा गिरणीची गरज मोठी ठरते.

सोलापूर हा मुळात ज्वारीचा जिल्हा. मालदांडी ज्वारीचा निवड वाण मोहोळच्या केंद्रातून आला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. उजनी धरणाचे पाणी फिरल्यावर भीमाकाठी बागायती गहू वाढला, तरी उसापुढे त्याला जागा बेताचीच मिळाली. वर्षाचा गहू भरताना इथल्या घरांत आजही मध्य प्रदेशचा शरबती किंवा लोकवन मागितला जातो. म्हणजे सोलापूर गहू विकण्यापेक्षा घेणारे गाव आहे. असे असले तरी जगाच्या बाजारात गहू हलला की मार्केट यार्डातला भावही हलतो, म्हणून हा व्यवहार इथल्या शेतकऱ्याने आणि आडत्याने समजून घ्यायलाच हवा.

आडतीवर गव्हाची पारख कशी होते ते पाहावे. पोत्यात टोकदार परखी खुपसून दाणे तळहातावर घेतात, फुंकर मारून काडीकचरा उडवतात आणि एक दाणा दाताखाली फोडतात. कट्टकन फुटला तर माल वाळलेला. दबला तर हवा, म्हणजे ओलावा, जास्त. मग टपोरेपणा, रंग, चकाकी. चपातीसाठी ही पारख चोख आहे आणि तिच्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. गिरणीवाला मात्र चकाकीला पैसे देत नाही. तो विचारतो प्रथिने किती, ओलावा किती, शंभर लिटर मापात दाणा किती किलो भरतो, ग्लुटेन (कणकेला ताण देणारे प्रथिन) किती ताणते आणि फॉलिंग नंबर (दाण्यातले मोड पकडणारा आकडा) किती.

ब्रेडला १२ ते १४ टक्के प्रथिनांचा कणखर गहू लागतो, बिस्किटाला ८ ते १० टक्क्यांचा मऊ, नूडल्सला मधला. शंभर लिटरला ७६ ते ७८ किलो वजन बहुतेक करारांत मागतात, कारण भरीव दाण्यातून मैदा जास्त निघतो. ओलावा १४ टक्क्यांवर गेला की जहाजातला माल तापण्याची, बुरशी धरण्याची भीती असते. गिरणी एकाच जातीवर चालत नाही. दोनतीन देशांचे गहू ठरलेल्या प्रमाणात मिसळून ती वर्षभर एकसारखे पीठ काढते. त्यामुळे पहिल्या टनापासून शेवटच्या टनापर्यंत माल सारखा असणे तिला उंची प्रतीपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. भारतीय मालाची दुखरी जागा हीच आहे. दहा गावांतले, पाच जातींचे गहू एकाच ढिगात येतात.

फॉलिंग नंबरची चाचणी सोलापूरकरांनी विशेष लक्षात ठेवावी. परीक्षानळीत सुमारे ७ ग्रॅम पीठ आणि २५ मिलिलिटर पाणी घालून नळी उकळत्या पाण्यात ठेवतात, मिनिटभर दांडीने ढवळतात आणि तीच दांडी वर धरून सोडतात. पिठाची खळ दाट झाली तर दांडी सावकाश उतरते; पातळ पडली तर झरकन तळाला जाते. ढवळण्याच्या मिनिटासकट जितके सेकंद लागले तो आकडा. २५०च्या पुढे गेला तर माल बरा मानतात. कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला आणि ओंबीतच दाण्याला मोड फुटू लागला, की दाण्यातले विकर स्टार्च तोडू लागते आणि आकडा कोसळतो. डोळ्यांना मोड दिसत नाही, तरी त्या पिठाचा ब्रेड आतून चिकट होतो. मार्चमधला एक पाऊस पिकाचा दर्जा असा आतून पोखरतो.

रोगाच्या बाबतीत दख्खनची बाजू उजवी आहे. १९३१ साली कर्नालला प्रथम नोंदलेली कर्नाल बंट ही काणी (बुरशीचा रोग) दाण्याला सडक्या मासळीसारखा वास आणते आणि कित्येक आयातदार देश तिच्याबाबत कडक असतात. इथल्या उष्ण, कोरड्या हवेत ती सहसा आढळत नाही.

आता हिशेब. मध्यम जहाजात ५०,००० टन गहू जातो. एकरी १५ क्विंटल धरले तर ते ३३,००० एकरांवरचे पीक झाले. २५ टनी ट्रक धरले तर २,००० ट्रक. मालगाडीने न्यायचे तर एका रेकमध्ये (एका पूर्ण मालगाडीत) ढोबळ मानाने २,६०० टन, म्हणजे एकोणीस-वीस रेक. गुजरातचे कांडला बंदर सोलापुरापासून हजार किलोमीटरच्या पुढे. एका तालुक्याचा गहू जहाज भरू शकत नाही आणि भाड्यातच नफा संपतो. निर्यात खुली असताना घाऊक माल आपल्याकडे मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान यांच्या पट्ट्यातून गेला तो याच कारणाने.

करार बहुधा लंडनच्या गाफ्टा या धान्यव्यापाराच्या संस्थेच्या नमुन्यांवर होतात. एफओबी भावात विकणाऱ्याची जबाबदारी माल जहाजावर चढेपर्यंत; सीआयएफमध्ये भाडे आणि विमाही त्याच्याकडे. पैसे बँकेच्या पतपत्रावर (खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या लेखी हमीवर) मिळतात आणि बँक गहू पाहत नाही, कागद पाहते: जहाजाची भरतीपावती, त्रयस्थ तपासनिसाचा वजन-दर्जाचा दाखला, धुरी दिल्याचा दाखला, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. एका कागदावर वजनाचा आकडा चुकला तर पैसे अडतात. ठरल्या मुदतीत जहाज भरले नाही तर दिवसागणिक दंड पडतो. पावसाची सर आली की जहाजाची झाकणे लावून काम थांबवावे लागते. ती वेळ कोणाच्या खात्यात धरायची हे करारातच लिहिलेले असते.

भारत गहू पिकवण्यात चीननंतर दुसरा आहे, पण निर्यातीत त्याचे पाऊल स्थिर नाही. हमीभाव पुष्कळदा जागतिक भावाच्या वर असतो, मग बाहेर विकणे परवडत नाही. २०२१-२२ मध्ये जगात भाव चढले तेव्हा सुमारे ७० लाख टन गहू बाहेर गेला; सर्वांत मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, भाव भडकले. त्याच मार्चमध्ये उत्तरेत विक्रमी उष्णता पडून दाणा भरला नाही आणि १३ मे २०२२ रोजी केंद्राने निर्यात बंद केली. आधी निघालेल्या अपरिवर्तनीय (एकतर्फी रद्द न होणाऱ्या) पतपत्रांवरचा माल तेवढा जाऊ दिला. कांडल्याबाहेर ट्रकांच्या रांगा लागल्या. पाठोपाठ तुर्कस्तानने वनस्पती आरोग्याचे कारण देऊन एक जहाज नाकारल्याची बातमी आली. देशातल्या ताटाची काळजी आधी, हे दामाजीपंतांच्या मंगळवेढ्याला कोणी शिकवायला नको. मात्र बंदी एका रात्रीत आली की हमीभावाच्या वर मिळणारा चार पैशांचा फायदा शेतकऱ्याच्या हातून जातो आणि परदेशी गिरणीचा पुढच्या वर्षीचा भरवसाही. मुदत आणि कोटा आधी सांगता आला असता, असे प्रस्तुत लेखकाला ठामपणे वाटते.

निर्यात खुली असेल तेव्हा सोलापूरच्या शेतकऱ्याला वाट आहे ती कंटेनरची. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे २५ टन पोती बसतात. मुंबईजवळचे न्हावा शेवा बंदर रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास. त्यातही खपली गहू सर्वांत सोयीचा. हुग्गीसाठी (गव्हाच्या खिरीसाठी) सोलापूर-विजापूरच्या सीमेवर तो पूर्वीपासून पेरतात. त्याचे टरफल दाण्याला घट्ट चिकटलेले असल्याने मळणीनंतर वेगळी सडाई लागते, उतारा घटतो, आणि रोलर गिरणी त्याला हात लावत नाही. त्याचा रवा किंवा सडलेला दाणा छोट्या पिशव्यांतून परदेशातल्या मराठी-कन्नड घरांपर्यंत जाऊ शकतो. मात्र रव्या-पिठाचे निर्यात नियम गव्हाहून वेगळे निघतात आणि वरचेवर बदलतात. सौदा करण्याआधी विदेश व्यापार महासंचालनालयाची चालू अधिसूचना पाहावी लागते.