एफची सोफिया आणि पीएचची सोफिया

अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याने जाहीर केलेली २०२४ साली जन्मलेल्या मुलींच्या सर्वाधिक ठेवलेल्या नावांची यादी देवनागरीत उतरवली, तर पहिल्या दहांत एक नाव दोनदा येतं. ऑलिव्हिया, एमा, अमीलिया, शार्लट, मिया, सोफिया, इझाबेला, एव्हलिन, एव्हा आणि पुन्हा सोफिया. सहाव्या नंबरची सोफिया ‘पीएच’ने लिहिलेली आहे, दहाव्या नंबरची ‘एफ’ने. हे खातं उच्चार मोजत नाही, स्पेलिंग मोजतं. एक अक्षर बदललं की त्याच्या लेखी ते वेगळं नाव.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना यातली एक सोफिया म्हणजे दुसरीचं चुकलेलं स्पेलिंग वाटतं. तसं ते नाही. लता, स्वाती ही नावं इंग्रजीत लिहिताना आपण नुसता ‘टी’ लावतो आणि दक्षिणेकडच्या घरांत ‘टीएच’ लावतात. नुसतं स्पेलिंग बघून मुलगी कुठल्या बाजूची असेल याचा अंदाज आपण बांधतो आणि तो बहुतेक वेळा बरोबर येतो. सोफियाचंही बरंचसं असंच आहे. अमेरिकेत एफची सोफिया भेटली, तर घरात स्पॅनिश बोलली जात असण्याची शक्यता बरीच जास्त. मात्र हा अंदाज कुठपर्यंत चालतो आणि कुठे फसतो, हे नीट समजून घ्यायला हवं. अमेरिकेत आज जन्माला येणाऱ्या बाळांपैकी साधारण चौथा हिस्सा बाळं हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषेशी नातं असलेल्या, आयांची आहेत. तिथल्या शाळांत शिकवणाऱ्या, दवाखान्यांत काम करणाऱ्या, नुसत्या शेजारी म्हणून राहणाऱ्या मराठी माणसांच्याही तोंडी ही नावं रोज येतात.

मूळ दोघींचं एकच, ग्रीक. सोफिया म्हणजे शहाणपण. ग्रीक ‘फाय’ हे अक्षर रोमन लोकांनी आपल्या लिपीत पीएच असं लिहिलं आणि इंग्रजी-फ्रेंचांनी ते तसंच ठेवलं. स्पॅनिश अकादमीने मात्र १७५४ च्या शुद्धलेखनाच्या ग्रंथात या पीएचला रजा दिली. कानाला फ ऐकू येतो, तर फ लिहा, असा सरळ हिशेब. म्हणून इंग्रजीतली जोसेफिन स्पॅनिशमध्ये एफची होसेफिना होते, स्टेफनी एफची एस्तेफानिया होते, आणि फिलाडेल्फिया शहरसुद्धा दोन्हीकडे एफ घेऊन उभं राहतं. स्पॅनिशमध्ये वाढलेल्या माणसाला सोफिया लिहायला सांगितलं, तर पीएच त्याच्या डोक्यातही येत नाही.

एकाच बाईच्या नावात हा फरक बघायचा असेल, तर स्पेनच्या माजी राणी सोफिया यांच्याकडे बघावं. त्या १९३८ साली अथेन्समध्ये, ग्रीसच्या राजघराण्यात जन्मल्या. इंग्रजी कागदांत त्यांचा उल्लेख येतो तो पीएचने, प्रिन्सेस सोफिया. १९६२ मध्ये हुआन कार्लोस यांच्याशी लग्न झालं, १९७५ मध्ये त्या स्पेनच्या राणी झाल्या आणि नाव एफने, वर स्पॅनिश आघातचिन्हासह लिहिलं जाऊ लागलं. माद्रिदच्या ज्या संग्रहालयात पिकासोचं ‘गेर्निका’ आहे, त्याच्या नावातली सोफिया हीच, एफची. त्यांच्या नातीचंही, २००७ साली जन्मलेल्या राजकन्येचं, नाव तेच आणि तसंच. उलट्या दिशेचा प्रवास सोफिया लॉरेनचा. इटालियनमध्येही पीएच नाही, त्यामुळे रोममध्ये १९३४ साली जन्मलेली ही मुलगी कागदोपत्री एफची सोफिया शिकोलोने होती. पीएच आला तो पडद्यावरच्या नावात. इटलीचं हे उदाहरण लक्षात ठेवलेलं बरं, कारण अमेरिकेतल्या एफच्या काही सोफिया इटालियन आजी-पणजीच्या वारशातूनही आलेल्या असतात.

गोव्याच्या वाचकांना हे सगळं ओळखीचं वाटेल, फक्त तिथला धागा स्पॅनिश नाही, पोर्तुगीज आहे. पोर्तुगीजने पीएच सोडला तो १९११ च्या लेखनसुधारणेत, म्हणजे स्पॅनिशच्या दीडशे वर्षांनंतर. फिलोमेना हे नाव एका पिढीत पीएचने आणि पुढच्या पिढीत एफने लिहिलेलं दिसतं, ते त्यामुळे.

आता त्या आघातचिन्हाविषयी, कारण एफ-पीएचइतकाच तो फरक मोठा आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. स्पॅनिशमध्ये सोफियाच्या ‘आय’वर एक छोटी तिरकी रेघ असते. ती शोभेची नाही. ती असली की नाव तीन ठोक्यांत म्हणायचं, सो-फी-आ, आणि जोर मधल्या ‘फी’वर. ती काढली, तर स्पॅनिशच्या नियमाने जोर पहिल्या अक्षरावर जातो आणि उरलेलं एकात एक मिसळून ‘सोफ्या’ होतं. मारिया, लुसिया, रोसिओ यांचंही असंच. कामिला, वालेन्तिना, हिमेना यांना रेघ लागत नाही, कारण त्यांचा जोर शेवटून दुसऱ्या ठोक्यावर आपोआप पडतो.

सोशल सिक्युरिटीच्या यादीत ही रेघ दिसत नाही, तिथे सगळी नावं साध्या इंग्रजी अक्षरांत असतात. कॅलिफोर्नियात तर निदान २०१७ पर्यंत ती जन्मदाखल्यावरही येत नव्हती. १९८६ साली मतदारांनी इंग्रजीला त्या राज्याची अधिकृत भाषा केलं आणि तेव्हापासून दाखल्यावर फक्त सव्वीस इंग्रजी अक्षरं, असा तिथला शिरस्ता पडला. हे बदलण्यासाठी विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक २०१७ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी नाकारलं. ज्या राज्यातल्या शहरांची नावंच लॉस एंजेलिस, सान होसे, सान दिएगो आहेत, तिथे एखाद्या आईला आपल्या लेकीचं नाव दाखल्यावर पूर्ण लिहिता येऊ नये, हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सोपं आहे, एफ म्हणजे हिस्पॅनिक आणि पीएच म्हणजे बाकीच्या. अंदाज फसतो तो इथेच. सोशल सिक्युरिटी खातं नाव मोजताना वंश विचारत नाही, त्यामुळे त्या यादीवरून हे ठरवताच येत नाही. न्यूयॉर्क शहराचं आरोग्य खातं मात्र आईने सांगितलेल्या वांशिक गटानुसार नावांच्या वेगळ्या याद्या देतं आणि तिथल्या हिस्पॅनिक यादीत दोन्ही सोफिया हजर असतात. ज्यांच्या आईवडिलांची सगळी शाळा इंग्रजीत झाली, अशा घरांत पीएच सहज येतो. लॅटिन अमेरिकेतही थोडं वेगळं, थोडं परदेशी दिसणारं स्पेलिंग आवडणारी घरं आहेत. म्हणजे एफवरून घराचा अंदाज येतो, पण पीएचवरून ‘हे घर स्पॅनिश बोलणारं नाही’ असं म्हणता येत नाही.

याचा सगळ्यात ठळक दाखला म्हणजे इझाबेला. न्यूयॉर्कच्या हिस्पॅनिक यादीत २०१० नंतरच्या दशकात हे नाव वर्षानुवर्षं सगळ्यात वर होतं, आणि ते लिहिलं जातं दोन ‘एल’ लावून. स्पॅनिशच्या नियमाने दोन एलचा उच्चार साधारण ‘य’ होतो, तेव्हा हे नाव ‘इसाबेया’ वाचायला हवं. तसं कुणी वाचत नाही. स्पॅनिशचं जुनं, घरचं रूप इसाबेल. कोलंबसला पाठवणारी कास्तीयची राणी, जिला शाळेच्या पुस्तकापासून आपण इझाबेला म्हणत आलो, ती तिच्या लोकांसाठी इसाबेलच. दोन एलची इझाबेला इटालियन-इंग्रजी वळणाची आहे. ती स्पॅनिश घरांत शिरली, आवडली आणि नियम बाजूला ठेवून राहिली. एका एलची इसाबेलाही आहेच, अमेरिकेच्या यादीत तिचा वेगळा क्रमांक असतो.

कामिलाच्या बाबतीत मात्र हीच मोकळीक कुणी घेत नाही. अमेरिकेत पहिल्या विसांत असलेली कामिला एका एलची आहे, हवानात जन्मलेली गायिका कामिला काबेयो लिहिते तशी. इंग्लंडच्या राणीची कॅमिला दोन एलची. स्पॅनिश वाचणाऱ्याला ते दोन एल दिसले की ‘कामिया’ ऐकू येतं, आणि त्याचा अर्थ रुग्णाला उचलून नेतात ते स्ट्रेचर. कार्डावर चुकून एक एल जास्त पडला, तर आजीच्या चेहऱ्यावर काय उमटेल याची कल्पना करता येते.

एमिलिया आणि अमीलिया ही जोडीही सतत गफलत करायला लावते, पण ती खरोखरच दोन नावं आहेत: पहिलं एका रोमन कुळाच्या नावावरून आलेलं, दुसरं जर्मानिक. हिमेनाचं उलटं आहे. ‘एक्स’ने लिहा की ‘जे’ने, नाव एकच. मेक्सिकोत एक्स, स्पेनमध्ये जे. स्पेनचा प्रसिद्ध योद्धा एल सिद, त्याची अकराव्या शतकातली बायको हिमेना दियास दोन्ही अक्षरांत भेटते. देशाच्या नावातला एक्सही तसाच, स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार ‘मेहिको’.

उच्चारात मराठी माणसाला एक मोठी सोय आहे. इंग्रजी बोलणारा हिमेनाच्या एक्सपाशी अडखळतो, आपल्याला ह किंवा ख सहज येतो. वालेन्तिना, मार्तिना यांतला ‘टी’ आपल्या ‘त’सारखा दाताला जीभ लावून म्हणायचा, तो आपला रोजचाच. इंग्रजी इझाबेलात झ आहे, स्पॅनिश इसाबेलात स. हा फरक देवनागरी चोख दाखवते. सोफियाच्या बाबतीत आपली लिपी जे लपवते, ते इतर नावांत ती भरून देते. तेव्हा वर्गात अशी मुलगी असेल, तर अमेरिकन उच्चाराची नक्कल करण्यापेक्षा तिच्या आईचा उच्चार ऐकावा आणि तसाच म्हणावा. आपल्या जिभेला तो जवळचा आहे.

पुढची अडचण फॉर्म भरताना येते आणि ती आपल्यालाही चांगलीच ठाऊक आहे. कोलंबियाच्या बारांकिया शहरात जन्मलेल्या अभिनेत्रीचं पूर्ण नाव बघा: सोफिया मार्गारिता वेर्गारा वेर्गारा. पहिले दोन शब्द तिचे स्वतःचे. त्यानंतर वडिलांचं आडनाव, शेवटी आईचं. तिच्या बाबतीत ती दोन्ही एकच निघाली, म्हणून वेर्गारा दोनदा. अमेरिकन फॉर्मवर तीन चौकोन: पहिलं, मधलं, शेवटचं. कुणी शेवटचा शब्द आडनाव म्हणून उचलतं आणि वडिलांचं आडनाव मधल्या नावात ढकलतं. कुणी आईचं आडनाव गाळूनच टाकतं. आपल्या मुलींचं वडिलांचं नाव त्याच मधल्या चौकोनात जाऊन बसतं आणि पुढे कोणी तिला त्याच नावाने हाक मारली की घरी हसावं की रडावं कळत नाही. हिस्पॅनिक मुलीच्या नावातले शेवटचे दोन्ही शब्द आडनाव असू शकतात, एवढं विचारून घेतलं तरी पुष्कळ. मारिया होसे हे मुलीचं नाव आणि होसे मारिया मुलाचं, हेही अशा वेळी उपयोगी पडतं.

‘हिस्पॅनिक’ आणि ‘लॅटिना’ या शब्दांचीही अशीच सरमिसळ होते. पहिला शब्द स्पॅनिश भाषेवरून, दुसरा लॅटिन अमेरिकेवरून. माद्रिदची मुलगी हिस्पॅनिक, रिओची लॅटिना, मेक्सिकोची दोन्ही. रिओच्या मुलीचं सोफिया हे नावही एफचंच, पण पोर्तुगीजमध्ये ‘आय’वर रेघ नसते आणि तरीही जोर ‘फी’वरच राहतो.

वाढदिवसाच्या केकवर किंवा हजेरीपटावर नाव लिहायचं असेल, तर तीन गोष्टी विचाराव्यात: एफ की पीएच, रेघ आहे का, आणि घरी काय म्हणतात. मारिया ग्वादालुपे घरी बहुधा लुपिता असते, मारिया होसेची माहो होते. सोफियाची सगळीकडे सोफी होते, पण स्पॅनिश घरातली सोफी ‘एफआय’वर संपते आणि इंग्रजी घरातली ‘पीएचआयई’वर. पीएचची ही सोफी सोशल सिक्युरिटीच्या यादीत स्वतंत्र नाव म्हणून, स्वतःच्या वेगळ्या क्रमांकावर असते.