नोटिफिकेशन आलं, मग डेटा कुठे गेला?

समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचं ऑर्डरचं ॲप आहे. ‘टॉवेलची ऑर्डर तयार आहे’ असं नोटिफिकेशन व्यापाऱ्याच्या मोबाइलवर वाजतं. तो त्यावर टॅप करतो, ॲप उघडतं, पण ऑर्डर नंबरची जागा रिकामी. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र नंबर पाठवल्याची नोंद आहे. अशा वेळी डेटा बहुधा हरवलेला नसतो. आपण ज्या कॉलबॅकमध्ये (संदेश आल्यावर सिस्टिम आपोआप बोलावते त्या कोडच्या भागात) त्याची वाट बघतो, तिथे न येता तो दुसरीकडून आत आलेला असतो. हे असं का, याचं उत्तर पुश नोटिफिकेशनच्या, म्हणजे सर्व्हरने स्वतःहून फोनवर पाठवलेल्या संदेशांच्या, इतिहासात आहे.

ॲपलने ही सेवा 2008 मध्ये जाहीर केली आणि जून 2009 मध्ये आयफोन ओएस 3.0 सोबत सुरू केली. मूळ चिंता बॅटरीची होती. प्रत्येक ॲप मागे चालू ठेवण्याऐवजी फोनने ॲपलच्या सर्व्हरशी एकच जोडणी ठेवायची आणि संदेश सिस्टिमनेच दाखवायचा. पेलोडची, म्हणजे एका संदेशातून जाणाऱ्या माहितीची, मर्यादा होती फक्त 256 बाइट. यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 3 बाइट घेतं. वरचं चार शब्दांचं वाक्यच 60 बाइट होतं. मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांत चालणाऱ्या सोलापुरात हा हिशेब सगळ्यांनाच लागू, कारण त्या लिप्याही तेवढीच जागा घेतात. म्हणून संदेशात फक्त आयडी पाठवायचा आणि बाकीचं ॲपने सर्व्हरकडून आणायचं, ही पद्धत रुळली. पुढे मर्यादा 2014 मध्ये 2 केबी आणि 2015 मध्ये 4 केबी झाली, तरी ती पद्धत मला आजही सगळ्यात भरवशाची वाटते.

गूगलने 2010 मध्ये अँड्रॉइड 2.2 साठी सी2डीएम (गूगलची पुश सेवा) आणलं, ते उलट विचाराने. सिस्टिम काहीच दाखवणार नाही, कच्चा डेटा ॲपच्या हाती देईल, पुढचं ॲपने बघावं. 2012 मध्ये त्याची जागा गूगल क्लाउड मेसेजिंगने (जीसीएम) घेतली आणि 2016 मध्ये फायरबेस क्लाउड मेसेजिंग आलं. आता ॲपलचा आणि गूगलचा, दोन्ही विचार एकाच संदेशात नांदतात: ‘नोटिफिकेशन’ हा भाग सिस्टिमसाठी, ‘डेटा’ हा ॲपसाठी.

खरी गफलत इथे होते. अँड्रॉइडवर ॲप समोर उघडं असेल तर दोन्ही भाग ऑनमेसेजरिसीव्ह्ड या कॉलबॅकमध्ये येतात. ॲप बॅकग्राउंडला असेल आणि संदेशात दोन्ही भाग असतील, तर तो कॉलबॅक चालतच नाही. सिस्टिम नोटिफिकेशन दाखवते आणि डेटा टॅप केल्यावर उघडणाऱ्या ॲक्टिव्हिटीच्या (ॲपमधल्या स्क्रीनच्या) इंटेंटमध्ये (ती उघडताना सोबत येणाऱ्या निरोपात) मिळतो. ती ॲक्टिव्हिटी आधीच उघडी आणि सिंगलटॉप (सगळ्यात वर असताना दुसरी प्रत न उघडणारी) असेल तर नवा इंटेंट ऑनन्यूइंटेंट या कॉलबॅकमध्ये येतो. तिथे सेटइंटेंटने नवा इंटेंट नोंदवला नाही, तर गेटइंटेंट जुनाच इंटेंट देत राहतं.

नोटिफिकेशन आपणच बनवत असू तर पेंडिंगइंटेंट (टॅप होईपर्यंत राखून ठेवलेला इंटेंट) तपासावा. दोन पेंडिंगइंटेंट एकच आहेत का, हे ठरवताना अँड्रॉइड एक्स्ट्राज (इंटेंटसोबतचा डेटा) बघत नाही. रिक्वेस्ट कोड (पेंडिंगइंटेंट वेगळा ओळखण्याचा आकडा) दोन्हीकडे 0 ठेवला आणि जुना डेटा बदलून नवा भरणारा अपडेट करंटचा फ्लॅग दिला नाही, तर नव्या ऑर्डरच्या नोटिफिकेशनवर टॅप करूनही जुन्या ऑर्डरचा नंबर उघडतो. फ्लॅग दिला, तर आधीच्या नोटिफिकेशनमध्येही नवा नंबर शिरतो. म्हणून प्रत्येक ऑर्डरला वेगळा रिक्वेस्ट कोड हवा.

आयफोनवर काही न दाखवता ॲपला मागे जागं करणारा शांत पुश 2013 मध्ये आयओएस 7 ने आणला. पण वापरणाऱ्याने ॲप वर सरकवून बंद केलं असेल, तर सिस्टिम त्यासाठी ते पुन्हा सुरू करत नाही. अँड्रॉइडवर 2015 पासून डोझ ही बॅटरी वाचवणारी झोप आहे. तीत साध्या प्राधान्याचे संदेश उशिरा पोचतात, हेही लक्षात असू द्यावं.

फायरबेसचा जुना एपीआय (सर्व्हरने संदेश पाठवायचा मार्ग) 2024 मध्ये बंद होऊ लागला, तेव्हा अनेकांना सर्व्हरचा कोड बदलावा लागला. नव्या एचटीटीपी व्ही1 एपीआयमध्ये डेटातली प्रत्येक व्हॅल्यू स्ट्रिंगच, म्हणजे अवतरणचिन्हांतला मजकूरच, लागते. ऑर्डर नंबर अवतरणचिन्हांशिवाय आकडा म्हणून पाठवला तर विनंतीच नाकारली जाते. त्यामुळे फोन हातात घेण्याआधी सर्व्हरला आलेलं उत्तर वाचावं, आणि मग ॲप समोर, मागे आणि पूर्ण बंद, अशा तिन्ही स्थितींत लॉग बघावा.