फटाका विक्रेत्यांचा विमा (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सर्वसामान्य ग्राहकाला किरकोळीने शोभेची दारू विकणारे दुकानदार, तंबूवाले आणि ठेलेवाले जो विमा घेतात, तो. नवा विक्रेता बहुधा आगीचा विमा मागायला म्हणून दलालाकडे जातो. दलाल त्याला आधी विचारतो ते वेगळेच : माल कोणाकडून घेता, कितीला विकता यापेक्षा किती लोकांना विकता, आणि बिलांच्या प्रती ठेवता का. दुकानात जळालेल्या मालाची किंमत ठरलेली असते. विकला गेलेला माल कोणाच्या हातात फुटेल आणि त्याचा दावा किती मोठा होईल, हे मात्र आधी सांगता येत नाही. या विम्याची बहुतेक वैशिष्ट्ये त्यातूनच आली आहेत.

विम्याच्या कक्षेत येणारा माल म्हणजे ‘ग्राहक फटाके’. वाहतुकीच्या नियमांत त्यांचा वर्ग १.४जी आणि संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक ०३३६. जाहीर आतषबाजीचे मोठे गोळे १.३जी वर्गात मोडतात. त्यांचा परवाना आणि विमा दोन्ही निराळे. ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग या संघराज्य संस्थेच्या नियमांनुसार जमिनीवर वाजणाऱ्या फटाक्यात ५० मिलिग्रॅमहून जास्त दारू चालत नाही आणि वात किमान ३ व कमाल ९ सेकंद जळावी लागते. ‘एम-८०’सारखे दणकेबाज प्रकार ग्राहकांसाठी बंद आहेत. त्यातले काही गल्ल्याखालून विकले आणि त्याने कोणी जखमी झाले, तर विमा कंपनी हात वर करते. फटाके विकता येतात की नाही, आणि कोणते, हे राज्याराज्यांत बदलते. मॅसॅच्युसेट्समध्ये तर सामान्य ग्राहकाला फुलबाजीचीही मुभा नाही.

१.४ हा दर्जा वाहतुकीसाठी बांधलेल्या बंद खोक्याचा असतो, ही गोष्ट विक्रेते सहज विसरतात. खोके फोडून माल फळ्यांवर मांडला, वाती उघड्या राहिल्या, की आग पसरायला लागणारा वेळ फार कमी होतो. ३ जुलै १९९६ रोजी ओहायोतील स्कॉटटाउन येथे गिऱ्हाइके आत असताना एकाने दुकानातलाच माल पेटवला. छतावर पाण्याचे फवारे होते, पण त्यांची झडप बंद होती. बाहेर पडता न आल्याने अनेक जण दगावले. विम्याच्या अर्जात झडप कोण तपासतो, दारे बाहेरच्या बाजूला उघडतात का, वातींवर आच्छादन आहे का, असले बारीक प्रश्न का असतात, ते एवढ्यावरून कळावे.

या तपासणीचा मापदंड बहुधा राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या ११२४ क्रमांकाच्या संहितेची २००६ ची आवृत्ती असते. पुढच्या आवृत्तीतून किरकोळ विक्रीचे प्रकरण काढले गेले, तरी काही राज्यांचे कायदे अजून जुन्या आवृत्तीवरच बोट ठेवतात. तीनुसार विक्रीच्या जागेपासून ५० फुटांच्या आत धूम्रपान आणि ३०० फुटांच्या आत फटाके उडवणे मना आहे. ‘एक लावून दाखवा की’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासमोर विरघळणाऱ्या विक्रेत्याने हे लक्षात ठेवलेले बरे. प्रात्यक्षिकातून झालेली इजा अनेक विमापत्रांतून स्पष्टपणे वगळलेली असते.

नेहमीच्या दुकान-विम्यात फटाक्यांचा धंदा सहसा बसत नाही. त्यामुळे दलाल ‘सरप्लस लाइन्स’ बाजारात जातो. तिथल्या कंपन्यांना त्या राज्याचा नेहमीचा परवाना नसतो, पण अवघड जोखमी घेण्याची कायदेशीर मुभा असते. अशी कंपनी बुडाली, तर बुडालेल्या विमा कंपन्यांचे दावे भागवणाऱ्या राज्याच्या हमी निधीतून बहुतेक राज्यांत काही मिळत नाही.

दायित्वाच्या, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या इजेची किंवा नुकसानीची भरपाई करणाऱ्या, विम्याचे दोन भाग पडतात. पहिला जागेचा : तंबूच्या दोरात पाय अडकून कोणी पडले, तर त्याचा खर्च. दुसरा, आणि खरा महागाचा, उत्पादनाचा. अमेरिकेत विकला जाणारा बहुतेक माल चीनमधून, विशेषतः हुनान प्रांतातल्या लिउयांग भागातून येतो. तिथल्या कारखान्याला अमेरिकेतल्या कोर्टात खेचणे जिकिरीचे. म्हणून जखमी माणसाचा वकील आयातदार, घाऊक व्यापारी आणि किरकोळ विक्रेता अशा सगळ्यांना एकाच दाव्यात ओढतो. यावर उपाय म्हणून आयातदाराच्या विमापत्राला विक्रेत्यांसाठी एक पुरवणी जोडतात आणि तिच्याखाली दुकानदारालाही संरक्षण मिळते. अट एकच, पण कडक : माल आला तसाच विकायचा. पाकिटे फोडून स्वतःची मिश्र पिशवी बांधली, तिच्यावर दुकानाची चिठ्ठी डकवली आणि मूळ इशारा कचऱ्यात गेला, की पुरवणीचा आधार सुटतो.

जागेचा मालक आणि नगरपालिका विक्रेत्याच्या विमापत्रात आपलेही नाव ‘अतिरिक्त विमाधारक’ म्हणून घालायला लावतात. त्याचे प्रमाणपत्र दिल्याशिवाय वाहनतळावर तंबू उभा राहत नाही. कॅलिफोर्नियात मर्यादित प्रकारांची विक्री २८ जूनच्या दुपारी १२ पासून ६ जुलैच्या दुपारी १२ पर्यंत चालते आणि बरेच ठेले सेवाभावी संस्था चालवतात. त्यांचा विमा पुष्कळदा माल पुरवणारा घाऊक व्यापारीच उतरवतो. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात परवानाधारकाला सार्वजनिक व उत्पादन दायित्वासाठी किमान २० लाख डॉलरचा विमा ठेवावा लागतो.

विमापत्र ‘घटनाधारित’ आहे की ‘दावाधारित’, हा प्रश्न इतर कुठल्याही धंद्यापेक्षा इथे जास्त बोचतो. समजा, ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, दहा वर्षांच्या मुलाचा हात भाजला. अल्पवयीन व्यक्तीच्या बाबतीत दाव्याची मुदत बहुतेक राज्यांत ती सज्ञान होईपर्यंत थांबलेली असते. म्हणजे नोटीस आठ-नऊ वर्षांनीही येऊ शकते. घटनाधारित विमापत्र असेल, तर इजा झाली त्या वर्षीची कंपनी उभी राहते. दावाधारित असेल, तर दावा येतो तेव्हा विमा चालू असावा लागतो, नाहीतर धंदा बंद करताना पुढे येणारे दावे कळवण्यासाठी वाढीव मुदत विकत घेतलेली असावी लागते. दोन हंगाम करून तंबू गुंडाळणारे पैसे वाचवायला नेमके दावाधारित विमापत्र घेतात आणि वाढीव मुदत घेत नाहीत.

मालाच्या विम्यात घोळ होतो तो रकमेत. वर्षाची सरासरी धरून रक्कम लिहिली, तर जूनअखेरच्या भरलेल्या साठ्याला ती पुरत नाही. म्हणून हंगामापुरती रक्कम वाढवणारी पुरवणी असते. तंबूतल्या मालाला वारा आणि रात्रीची चोरी यांचे संरक्षण मिळेलच असे नाही. मिळाले तर पहारेकऱ्याची अट येते. उन्हाळा कोरडा गेला आणि प्रशासनाने ऐन हंगामात बंदी घातली, तर बुडालेल्या विक्रीची भरपाई सहसा मिळत नाही, कारण धंदा थांबल्याचा विमा मालमत्तेच्या प्रत्यक्ष नुकसानीशी बांधलेला असतो.

हंगाम संपल्यावर उरलेली खोकी कुठे जातात, हे कंपनीला कळवावे लागते. ती घरच्या गॅरेजमध्ये ठेवली, तर दुकानाच्या विमापत्रात तो पत्ता नसतो, आणि घराचे विमापत्र धंद्याच्या फटाक्यांसाठी काढलेले नसते.